भोपळ्यातली म्हातारी आणि एटापल्लीची मुले

एटापल्ली तालुक्यातील एका प्राथमिक शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके सुचवा, असा निरोप शिक्षक मित्रांकडून आला तेव्हा मी यादी तयार करूनच निघालो होतो. तिथे गेल्यावर ती बाजूला ठेवावी लागली. का, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

शाळेत पुस्तके नव्हती असे नाही. लोखंडी पेटीत होती आणि पेटीला कुलूप होते. फाटली तर भरून कोण देणार, ही गुरुजींची भीती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह वाचनालय असावे असे म्हटले आहे. पुस्तक पेटीपर्यंत आले. पेटीपासून मुलाच्या हातापर्यंतचे अंतर तसेच राहिले.

पेटी उघडून मी तिसरी-चौथीच्या मुलांना भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट वाचून दाखवली. मुले खूप हसली. मग एका माडिया मुलीने विचारले, म्हातारी एकटीच कशी गेली? वाटेत गाव नव्हते का?

हा प्रश्न आपल्या समीक्षेला सहसा पडत नाही. वाघाचे भय त्या मुलीलाही ठाऊक आहे. ते खोटे नाही. खोटे आहे ते निर्मनुष्य रान. आपल्या बहुतेक बालकथांत जंगल म्हणजे दोन घरांमधली रिकामी, धोक्याची जागा. या मुलांचे घर नेमके त्या जागेत आहे. तिथे त्यांची आई मोह वेचते, बाप तेंदूपत्ता तोडतो, तिथेच गोटुल आहे. ज्या गोष्टीत त्यांचे गावच पुसलेले आहे, ती आपण त्यांना ‘मुलांची गोष्ट’ म्हणून देतो.

दुसरे उदाहरण ‘श्यामची आई’चे. १९३५ साली आलेल्या या पुस्तकाचे मोठेपण मी नाकारीत नाही. अस्पृश्यांना पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण करणाऱ्या साने गुरुजींच्या हेतूविषयी शंका नाही. त्यात मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला हात दे, असे आई श्यामला सांगते. आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. वाचणारे मूल कुठे उभे राहून हे वाचते? पुस्तकाने त्याला श्यामच्या बाजूला उभे केलेले आहे. पण वर्गात त्या म्हातारीचा नातूही बसलेला असतो. त्याच्यासाठी उरते ती करुणा. आणि करुणेच्या मागोमाग आंघोळ. हे पुस्तक वाचनालयातून काढा असे मी म्हणणार नाही. शिक्षकाने ते वाचावे, तिथे थांबावे आणि नातवाला बोलू द्यावे.

अमेरिकेत १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके तपासली. ज्यांत एक तरी काळा माणूस आहे अशी निघाली ३४९. अशी मोजणी आपल्याकडेही शाळाशाळांतून करावी. त्याला पैसा लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते.

मात्र सगळा दोष प्रस्थापितांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) यांत केवढे बालपण आहे! पण ते आपण मोठ्यांना सांगितले. आपल्या मुलांसाठी किती लिहिले? १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या समाजाचे दुःख लिहिले आणि ते ‘ज्ञानोदय’मध्ये छापले गेले. आपल्या परंपरेच्या आरंभाशीच एक शाळकरी मुलगी उभी आहे. तिच्या वयाच्या वाचकाला मात्र आपण विसरलो.

आता माझ्या शिफारशी. पहिली-दुसरीच्या माडिया मुलांना मराठी ही परभाषा आहे. त्यांची बोली द्राविडी कुळातली. ‘त्यांना वाचता येत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. त्यांना कमी शब्दांची, मोठ्या चित्रांची पुस्तके द्यावीत. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके त्यासाठी चांगली. घर शहरी आहे, पण ती मुलाला उपदेश करीत नाहीत. वरच्या वर्गांना १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ द्यावे. मुक्ता साळवेंचा निबंध चौथीत शिक्षकाने समजावून वाचावा. ‘भीमायन’ (२०११) जरूर आणावे. बाबासाहेबांच्या आयुष्यातील पाण्याची आणि अपमानाची कथा दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली आहे. दलिताचा इतिहास आदिवासीच्या हाताने लिहिला गेला, ही घटना मला मोलाची वाटते. मूळ मजकूर इंग्रजी, म्हणून शिक्षकाने चित्रे दाखवत गोष्ट सांगावी. पण ती मध्य प्रदेशातील गोंडांची रेषा आहे. ‘ही तुमचीच चित्रकला’ असे माडिया मुलांना सांगू नये.

आणि शेवटचे पुस्तक विकत मिळणार नाही. मुलांनी आजीकडून गोष्ट ऐकावी, माडियात सांगावी, शिक्षकाने देवनागरीत उतरवावी, खाली मराठी लिहावी, चित्रे मुलांनी काढावीत, पाने दोऱ्याने शिवावीत. मी परत निघालो त्या दिवशी असे आठ पानांचे एक पुस्तक शिवून झाले होते. त्यातही एक म्हातारी रानातून निघाली होती. तिच्या वाटेवर मुलांनी तीन गावे काढली होती.

ते पुस्तक पेटीत ठेवू नका, एवढेच मी गुरुजींना सांगितले.