आबालाल रहिमान

आबालाल रहिमान : (सु. १८६०–२८ डिसेंबर १९३१). कोल्हापूरच्या आधुनिक चित्रपरंपरेचे आद्य प्रवर्तक व महाराष्ट्रातील एक श्रेष्ठ निसर्गचित्रकार. मूळ नाव अब्दुल अझीझ. ‘आबालाल’ हे रूढ नाव. जन्म कोल्हापूर येथे. जन्मवर्ष काही ठिकाणी १८५६ असेही दिलेले आढळते. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची व त्या सुशोभित करण्याची परंपरा होती. अरबी-फार्सीचे संस्कार घरीच झाले; बोरू आणि कुंचला ही दोन्ही साधनेही घरातच हाती आली. आबालालांच्या कलेचा विचार करताना या वारशाचा उल्लेख चरित्रातील एक तपशील म्हणून केला जातो आणि लगेच पुढे जाऊन त्यांची तुलना फ्रेंच चित्रकारांशी केली जाते. वस्तुतः त्यांच्या चित्रणपद्धतीचे मूळ शोधायचे, तर प्रथम या वारशाकडेच पाहिले पाहिजे.

अरबी सुलेखनात अक्षराचे माप ठिपक्याने ठरते. तिरक्या कापलेल्या बोरूचे टोक कागदावर एकदा टेकवून ओढले, की चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो. ‘अलिफ’ ची उभी रेघ अमुक ठिपक्यांची, आणि त्या उंचीच्या व्यासाचे वर्तुळ कल्पून इतर अक्षरांची वळणे त्यात बसवायची, अशी ही प्रमाणबद्धता आहे. ती बगदादचा वजीर इब्न मुक्ला (८८६–९४०) याने घालून दिली, असे मानले जाते. कुराणाच्या पानावर मनुष्याकृतीला स्थान नाही. तेथील सजावट फुलवेलींची, भौमितिक आकृत्यांची आणि आयतींच्या शेवटी येणाऱ्या लहानलहान पदकांची असते. चित्राने मजकुराचा प्रसंग सांगायचा नसतो, केवळ पानाचा तोल राखायचा असतो. कोऱ्या कागदाचे मूल्यही तेथे शाईइतकेच असते. अशा कामात हात घाईला सरावत नाही. चुकलेली रेघ लपविण्याची सोयही नसते.

कोल्हापूरच्या इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीने आबालालांची रेखाटने पाहिली व तिच्या प्रोत्साहनाने ते मुंबईस गेले, असे सांगितले जाते. सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी १८८० ते १८८८ या काळात शिक्षण घेतले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स हे त्या वेळी शाळेचे प्रमुख होते. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीचा असून त्यात प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशयुक्त रेखाटने करणे, यथादर्शनाचे नियम घोटणे व अलंकरणाचे नमुने उतरविणे यांवर भर होता. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने शाळेने आदर्श म्हणून जपून ठेवली. या रेखाटनांत शरीररचनेची अचूकता आहेच. परंतु ती त्या काळच्या इतर गुणी विद्यार्थ्यांतही आढळते. लक्षात राहते ती बाह्यरेषा. ती एका दमात ओढलेली, वळणावर किंचित जाड होणारी व पुन्हा निमुळती होत जाणारी आहे. ही रेषा पेन्सिलीची असली, तरी तिचे वळण बोरूचे आहे.

शिक्षणानंतर ते कोल्हापूरला परतले. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. या काळात त्यांनी व्यक्तिचित्रे, शिकारीचे प्रसंग व प्राणी यांची चित्रे केली. ही कामे कौशल्यपूर्ण असली, तरी त्यांचे स्वरूप मुख्यतः प्रसंगवर्णनाचे आहे. काय घडले हे ती स्पष्टपणे सांगतात आणि तेथेच थांबतात. दरबाराचे खरे ऋण वेगळे आहे. चित्रकाराला हवे तसे राहू देणारा आश्रयदाता त्यांना लाभला. कोटितीर्थ तलावाकाठी साध्या झोपडीत ते एखाद्या फकिरासारखे राहिले. रंग पुष्कळदा ते स्वतः तयार करीत आणि हाती येईल त्या कागदावर चित्रे काढीत, अशा आठवणी कोल्हापुरात सांगितल्या जातात.

याच काळातील निसर्गचित्रे ही त्यांची खरी निर्मिती होय. कोटितीर्थ, रंकाळा व त्यातील संध्यामठ, पंचगंगेचा घाट ही त्यांची स्थळे. ती सर्व चालत जाण्याच्या अंतरावरची आणि बहुतेक पाण्याकाठची आहेत. जलरंग व तैलरंग या दोन्ही माध्यमांत त्यांनी ती रंगविली. पहाटेचा किंवा संध्याकाळचा प्रकाश, पाण्यावरील प्रतिबिंबे आणि झाडीतून झिरपणारे ऊन रंगांच्या सुट्या, बारीक स्पर्शांनी उभे केलेले दिसते. हे पाहून अनेकांनी त्यांना दृक्‌प्रत्ययवादी, क्वचित बिंदुवादीही ठरविले. फ्रान्समध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन १८७४ मध्ये भरले आणि झॉर्झ सराने आपले बिंदुवादी महाचित्र १८८४–८६ या काळात रंगविले. म्हणजे आबालाल मुंबईस शिकत असताना ही चळवळ ऐन भरात होती. परंतु मुंबईतील शिक्षण इंग्रजी अकादमिक पद्धतीचे होते व तेथे या चित्रांना जागा नव्हती. त्यामुळे ‘न पाहताच त्यांना तो मार्ग सापडला’ असा गौरव केला जातो. या गौरवात एक गृहीत दडलेले आहे : मार्ग पॅरिसचाच, आबालाल त्यावर योगायोगाने आले, एवढेच.

सराचा ठिपका प्रकाशशास्त्राच्या विचारातून आला. शेजारी ठेवलेले दोन शुद्ध रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यात मिसळावेत, हा त्याचा हेतू होता. आबालालांचा ठिपका असे गणित मांडत नाही. तो सुटा असतो, मोजून ठेवलेला असतो व त्याच्या भोवती कागद मोकळा राहतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तर तो ओळीने येतो. यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीतही बारीक ठिपक्यांनी छटा भरण्याचा कंटाळवाणा सराव करून घेतला जाई. तेव्हा ही सवय कलाशाळेची कशावरून नव्हे? मात्र शाळेतील ठिपका छटेत विरून जाण्यासाठी होता. जितका तो दिसेनासा होईल, तितके काम उत्तम गणले जाई. आबालालांच्या निसर्गचित्रांत तो दिसावा म्हणूनच ठेवलेला आहे. शाळेने सराव दिला असेल. त्या सरावाचे प्रयोजन बदलले ते घरच्या लिपिसंस्कारामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या चित्रांत माणसे थोडी व लहान असतात, हेही या दृष्टीने लक्षणीय आहे.

या विवेचनाला मोठी मर्यादा पडते ती उपलब्ध चित्रांच्या अल्प संख्येची. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी कथा प्रसिद्ध आहे. सांगितले जाणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पण फार मोठा संग्रह नष्ट झाला, याविषयी दुमत नाही. या कथेने चित्रकाराभोवती विरक्तीचे वलय निर्माण केले आणि त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या त्यागाचीच चर्चा अधिक झाली. नुकसान केवळ संख्येचे नव्हे. कलाशाळेतील रेखाटनांपासून उत्तरकालीन निसर्गचित्रांपर्यंतचे मधले टप्पेच नाहीसे झाल्यामुळे त्यांच्या शैलीचा कालानुक्रम लावणे दुष्कर झाले आहे.

कोल्हापुरातील पुढच्या पिढ्यांनी आबालालांना गुरुस्थानी मानले. त्यांत बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) हे प्रमुख होत. सैरंध्री (१९२०) या चित्रपटाचे हे दिग्दर्शक मुळात चित्रकार व शिल्पकार होते आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. उघड्यावर बसून स्थळचित्रे रंगविण्याची जी प्रथा रंकाळ्याच्या व पंचगंगेच्या काठी रुजली, तिचा उगम आबालालांपाशी आहे. अनुयायांनी प्रामुख्याने त्यांचा प्रकाश उचलला. रेषेची ती शिस्त मात्र फारशी कोणी पुढे नेली नाही, कारण कुराण लिहिणाऱ्या घरातले बालपण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. आबालालांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत.