व्यासपीठाखालची कविता

चळवळीत शोषणाची मीमांसा शिकवणाऱ्याने कविता केव्हा लिहावी? फावल्या वेळी, असे उत्तर सहसा मिळते. जणू रविवारी सातपुड्याची निसर्गचित्रे रंगवावीत! वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) वाचल्यावर हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते.

सोनवणे भिल्ल समाजातले, शहाद्याच्या श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. (शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली.) बाहेरून आलेल्या सुशिक्षित तरुणांनी तेथे मार्क्सवादी विचार नेला. जमीन आणि मजुरी यांच्या लढ्याला त्याने बळ दिले, हे निर्विवाद. परंतु ‘स्टेज’ या कवितेत हाच कार्यकर्ता खाली बसलेल्यांत जाऊन बसतो. वरचे लोक खालच्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगत राहतात. हा रोख केवळ पुढाऱ्यांवर आहे असे मानणे सोयीचे. तो शिकवणाऱ्या मित्रांवरही आहे. धर्मग्रामाच्या सभेत पुढच्या खुर्च्या अडवणाऱ्या आम्हांलाही ती कविता टोचली.

तिची भाषा इतकी साधी की काहींना ती कविताच वाटणार नाही. अलंकार टाळण्यातच तिचे बळ आहे, असे आम्ही मानतो. मात्र ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांतील भिंत ती फार सरळ घालते. कार्यकर्ता म्हणून कवीलाही कधी वर बसावे लागलेच असेल. त्या अवघडलेपणाला तिच्यात जागा मिळालेली नाही.