पारी जाड, सारण थोडे

मोदकाची परीक्षा कशी करावी हे मला आजीने शिकवले. मोदक उजेडाकडे धरायचा. पारीतून सारणाची सावली दिसली तर तो साधला. पारी पातळ आणि सारण भरपूर, हा तिचा दंडक. पण गेली काही वर्षे मी अशा एका मोदकाच्या प्रेमात आहे, की ज्याने हा दंडक साफ मोडला आहे. तो खावयाचा नसून वाचावयाचा आहे. ‘मोदक’ हे देवनागरीतील एका जाडजूड टाइपाचे नाव.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेतील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. आधी हाताने अक्षरे रेखाटली, मग दोन वर्षांहून अधिक काळ त्यांवर काम झाले. २०१५ पासून हा टाइप गूगलच्या संग्रहात कोणालाही विनामूल्य मिळतो. त्याचे वजन एकच. हलका, मध्यम, जाड अशी निवड येथे नाही. जे आहे ते थेट तुंदिलतनू.

अक्षर जाड करणे म्हणजे फक्त रेघ जाड करणे, असे आपल्याला वाटते. तसे असते, तर हे काम एका दुपारचे! अक्षर वाचता येते ते काळ्या रेघेमुळे जेवढे, तेवढेच तिच्या पोटातल्या पांढऱ्या जागेमुळे. रेघ फुगली की ही जागा आटते. रोमन लिपीत १९२२ सालचा ‘कूपर ब्लॅक’ असाच गुबगुबीत आहे. पण त्याला मोठी आणि लहान मिळून बावन्न अक्षरे सांभाळावयाची होती, आणि ती एकमेकांपासून सुटी उभी राहणारी. आमच्याकडे मात्रा आणि रफार डोक्यावर, उकार पायाशी, वेलांटी बगलेत आणि जोडाक्षरे तर एकमेकांच्या मांडीवर. संयुक्त कुटुंबच ते! त्यातला प्रत्येक जण लठ्ठ झाला तर घरात कोणी कसे मावावे?

‘मोदक’ने यावर काढलेला तोडगा मला खरा कलात्मक वाटतो. पांढरी जागा राखण्याची धडपड त्याने सोडूनच दिली. तिची केसासारखी बारीक रेघ करून टाकली आणि अक्षर ओळखण्याचे सारे काम त्या रेघेवर सोपवले. अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि मध्ये फक्त हा पांढरा धागा राहतो. पुष्कळ दिवस मला वाटे, की पांढरी जागा म्हणजे या मोदकाचे सारण, आणि ते फारच कमी पडले आहे. मग एकदा लक्षात आले, की ते सारण नव्हेच. त्या मोदकाच्या कळ्या आहेत. कळी नीट पडली नाही तर मोदकाचा लाडू होतो. येथे ती पडली आहे. उकारांसाठी तर जड अक्षरांखाली नेटके बसतील अशी लहान रूपे मुद्दाम काढली आहेत. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे.

पण गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना माझीच फजिती सांगावी लागेल. गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीतील भाऊबीजेच्या फराळाची सूचना मी हौसेने याच टाइपात केली. वेळ, जागा, वर्गणी, सगळे एका लहानशा कागदावर. शाई जरा पसरली आणि कळ्या बुजल्या. देवनागरीत भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक तो काय? शिरोरेघेतली एक फट. फुगलेल्या अक्षरात आधी मरते ती तीच. माझ्या नातीने जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचले, “माऊबीज!” वेळ तर कोणाला वाचताच आली नाही, निम्मे लोक तासभर उशिरा आले.

दोष टाइपाचा की माझा? माझाच, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पूर्वी दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर शब्द पाहून रेघ जाड करी आणि जागा नसेल तर स्वतःच हात आवरी. टाइप बिचारा हात आवरू शकत नाही. तो हुकमाचा ताबेदार. आता तो फुकट आणि सर्वांच्या हाती आहे, म्हणून पेंटरचा विवेकही आपल्याच अंगी यावयास हवा. दुकानाचे नाव, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, उत्सवाची कमान, तेथे हा टाइप शोभतो. परिच्छेद त्यात लावू नये, पत्ता लावू नये आणि दुखवट्याचा मजकूर तर कदापि नाही. कोणी म्हणेल, मग इतक्या मर्यादा असलेली वस्तू श्रेष्ठ कशी? त्याला मी विचारीन, मोदक तरी आपण रोज खातो काय?

यंदाची सूचना मी पुन्हा केली. ‘भाऊबीज’ एवढा एकच शब्द कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ‘मोदक’मध्ये, बाकी मजकूर साध्या, सडपातळ अक्षरांत. नातीने अचूक वाचली. वाचून ती किंचित हिरमुसली, हे मात्र नमूद केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेले एक मांजर येऊन बसले होते.