बाटलीमागचा उजेड

नवशिका फोटोग्राफर बाटलीवर समोरून लाइट टाकतो आणि काचेवर खिडकीएवढा पांढरा डाग मिळवतो. कधी त्या डागाशेजारी कॅमेऱ्यासकट तो स्वतःही उभा असतो. काच स्वतः फारशी दिसत नाही. ती मागचं आणि आजूबाजूचं दाखवते. हे ज्याला उमगलं त्याचं काम पाहायचं असेल, तर ‘ॲब्सोल्यूट परफेक्शन’ ही वोडकाची जाहिरात पाहावी. (आपल्याकडे दारूच्या जाहिरातींना बंदी, माझी तिच्याशी गाठ पडली ती रद्दीतल्या परदेशी मासिकात.)

१९८०च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ‘टीबीडब्ल्यूए’ या जाहिरात संस्थेने ती केली. एक बाटली, डोक्यावर देवदूताचं वलय, खाली दोन शब्द. वलय पाहून हसू येतं आणि तेवढ्यावर ते संपतं. खरी करामत बाटलीच्या पाठीशी आहे. काळोखात मधोमध एक मऊ उजेड उमलतो आणि कडेला जाता जाता विरतो. भरलेली बाटली म्हणजे जाडजूड भिंगच. तिचा मधला भाग हा उजेड पिऊन घेतो, कडा मात्र दूरचा काळोख ओढून आणतात. त्यामुळे आखूड मान, उतरते खांदे, सरळ अंग ही सगळी आकृती काळोखानेच रेखली जाते. पेन्सिलीला इतकी नितळ रेघ जमणार नाही.

पंचाईत अक्षरांची. या बाटलीला कागदी लेबल नाही. जुन्या स्वीडिश औषधाच्या बाटलीवरून घडवलेल्या काचेवरच निळा मजकूर छापलेला. नुसता मागून उजेड दिला तर तो निळा काळवंडेल, समोरून जास्त दिला तर काच चमकून उठेल. इथे निळा निळाच राहिलाय आणि काचही शांत आहे. समोरचा तो चिमूटभर उजेड कुठून आला, हे चित्र कळू देत नाही. मला सगळ्यात जास्त आवडते ती ही लपवाछपवी.

पुढे या बाटलीच्या शेकडो जाहिरातींची मालिका झाली. त्यांतली बहुतेक छायाचित्रं स्टीव्ह ब्रॉन्स्टीन यांची. ‘ॲब्सोल्यूट एल.ए.’मध्ये तर काच उरलीच नाही. वरून दिसतो फक्त एक पोहण्याचा तलाव, निळ्या पाण्याचा, आखूड मानेचा, उतरत्या खांद्यांचा.