‘राजकीय हस्तक्षेप’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रशासकीय सुधारणांविषयीच्या आपल्याकडील प्रबंधांत दोन संज्ञा निदानवाचक म्हणून वारंवार येतात. सुधारणा आरंभून फसली, तर कारण ‘राजकीय हस्तक्षेप’. आरंभिलीच गेली नाही, तर ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’. विकसनशील देशांतील शासनसुधारणांचे आकलन ह्या संज्ञांनी होते, की आकलनाची वाटच त्या अडवितात, हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे. तपासणीसाठी महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम संज्ञांचा अर्थ पाहू. ‘हस्तक्षेप’ ह्या शब्दात एक पूर्वगृहीत दडलेले आहे. हात घातला जातो तो दुसऱ्याच्या कामात. म्हणजे काम मुळात कोणा अन्याचे, त्याची सीमा ठरलेली, आणि हात घालणारा बाहेरचा. ‘राजकीय’ हे विशेषण लागताच राजकारण सुधारणेच्या बाहेरचे ठरते आणि सुधारणा ही एक शुद्ध, तांत्रिक वस्तू होऊन बसते. ‘इच्छाशक्ती’चा दोष निराळा आहे. परस्परविरोधी हितसंबंधांच्या समुदायाला ती एकच मन बहाल करते. शिवाय इच्छा नव्हती ह्याचा पुरावा म्हणून सुधारणा झाली नाही एवढेच दाखविले जाते. जे सिद्ध करावयाचे तेच येथे साधन झाले आहे.

हा दोष केवळ मराठीचा नव्हे. जागतिक बँकेच्या सनदेनुसार कर्जाचे निर्णय राजकीय विचारांवरून घेण्यास बँकेला मनाई आहे. साहजिकच ऋणको देशांतील सत्तासंबंधांविषयी बोलावयाचे झाले, की तिला ‘शासनव्यवहार’, ‘क्षमतावर्धन’, ‘उत्तरदायित्व’ अशा तटस्थ शब्दांचा आश्रय घ्यावा लागला. १९८९ च्या आफ्रिकेविषयीच्या अहवालापासून ही परिभाषा दृढ झाली. सत्तेतील विषमता हाच विषय उघडपणे मध्यभागी ठेवणारा जागतिक विकास अहवाल २०१७ साली निघाला. ‘सुशासन’ ही आपली संज्ञा त्याच परिभाषेची छाया होय.

आता उदाहरणाकडे वळू. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली त्रिस्तरीय रचना सुचविली. तीत पंचायत समितीला प्राधान्य होते, आणि जिल्हा परिषद मुख्यतः सल्लागार असून तिचे अध्यक्षपद कलेक्टराकडे राहावयाचे होते. महाराष्ट्राने मात्र वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालानुसार निराळा मार्ग धरला. जिल्हा परिषद प्रमुख झाली. कलेक्टर तिच्या बाहेर राहिला. खासदार-आमदारांनाही सदस्यत्व मिळाले नाही. १ मे १९६२ रोजी ही रचना अमलात आली.

ही रचना केवळ तज्ज्ञांच्या विचारातून निपजली असे मानणे भाबडेपणाचे होईल. जिल्हा हा महसुली कारभाराचा रुळलेला घटक होता, हे कारण खरे. परंतु पुरेसे नव्हे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा बसला होता. नव्या राज्याच्या नेतृत्वाला ग्रामीण भागात पाय रोवावयाचे होते, आणि सहकारी संस्थांतून पुढे येणाऱ्या कर्त्या मंडळींना सत्तेचे स्थान हवे होते. जिल्हा परिषदेने दोन्ही गरजा भागविल्या. म्हणजे सुधारणा घडली ती राजकारणाला न जुमानता नव्हे, तर राजकारणाच्याच बळावर.

पुढील ऱ्हासाचे बीजही ह्याच रचनेत होते. बाहेर ठेवलेल्या आमदाराला परिषदेचा अध्यक्ष आपल्याच मतदारांपुढील प्रतिस्पर्धी वाटणे स्वाभाविक होते. १९७४ पासून मंत्र्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली आणि योजनेचे सूत्र परिषदेच्या हातून सुटू लागले. रोजगार हमीची कामे कलेक्टराकडे राहिली. १९७२ नंतरची निवडणूक १९७९ साली झाली आणि त्यानंतरची थेट १९९२ साली. मुदत पाच वर्षांची असता मतदाराला एकदा सात व एकदा तेरा वर्षे थांबावे लागले.

ह्या घटनांना ‘हस्तक्षेप’ म्हणता येईल काय? कायद्याने शासनाला दिलेले अधिकारच येथे वापरले गेले. शासकीय मराठीत अशा निर्णयांची नोंद ‘मुदतवाढ देण्यात आली’, ‘प्रशासक नेमण्यात आला’ अशा कर्तृलोपी वाक्यांनी होते. शासन कर्त्याचा लोप करते आणि अभ्यासक त्या रिकाम्या जागी ‘राजकारण’ हे अमूर्त नाम बसवितो. कर्ता दोन्हीकडे अदृश्यच राहतो.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून मुदतीला घटनेचे संरक्षण दिले, तरी प्रश्न सुटला नाही. बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असता तेथे प्रशासक आले, आणि २०२५ सालीही अनेक ठिकाणी तेच कारभार पाहत होते. येथे न्यायालय, आयोग, शासन आणि पक्ष ह्या सर्वांच्या कृती परस्परांत गुंतल्या आहेत. ‘इच्छाशक्ती’ हा एक शब्द ह्यांतील कोणाची कृती स्पष्ट करतो?

ह्यावर एक आक्षेप संभवतो. सारेच राजकारण म्हटले, तर बेकायदा हुकूम न मानणाऱ्या तहसीलदाराची बदली आणि कायद्यातील दुरुस्ती ह्यांत भेद उरणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ‘हस्तक्षेप’ हा शब्द टाकून न देता त्याच्या क्षेत्रात बांधून ठेवणे इष्ट. जेथे कायद्याने सीमा आखली आहे आणि ती ओलांडली गेली आहे, तेथे तो यथार्थ आहे. जेथे ती सीमा कोठे असावी हाच वाद आहे, तेथे तो वापरणे म्हणजे वादाचा निकाल आधीच देऊन ठेवणे होय.

प्रबंधकाराने म्हणून तीन प्रश्न विचारावेत. सुधारणेने कोणाचा अधिकार वाढला? कोणाचा घटला? ज्याचा घटला, त्याच्या हाती तो परत मिळविण्याचे कोणते कायदेशीर साधन शिल्लक होते? नाईक समितीच्या रचनेला हे प्रश्न लावले असता तिचा उदय आणि तिचा ऱ्हास ह्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. वाक्याला कर्ता परत मिळाला, की जबाब कोणाला विचारावयाचा हेही कळते. आणि तेरा वर्षे मतपेटीची वाट पाहिलेल्या मतदाराला तेवढे कळण्याचा हक्क आहे.