वऱ्हाडांतील वंशावळी व गळालेले पूर्वज

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांच्या वंशावळी जपून ठेविल्या जातात हें योग्यच. परंतु त्या जशाच्या तशा छापल्या जातात हें आम्हांस मान्य नाहीं. वंशावळ ही जन्ममृत्यूची नोंद नव्हे. ती बहुधा वतनाच्या तंट्यांत हक्क शाबीत करण्याकरितां लिहिलेली असते. ज्याचा हक्क नव्हता तो तींत नाहीं. निपुत्रिक भाऊ गेले, मुली गेल्या, दत्तकाचें जनक कुळहि पुष्कळदां गेलें.

दुसरा दोष नकलकाराचा. नातवास आजाचें नांव ठेवण्याची आपली चाल आहे. समजा, ‘खंडोजी बिन माणकोजी बिन खंडोजी बिन माणकोजी’ अशी ओळ उतरतांना नजर पहिल्या खंडोजीवरून दुसऱ्यावर गेली, कीं दोन पिढ्या नाहींशा होतात, आणि उरलेली ओळ निर्दोष दिसते. कसोटी सोपी आहे. वऱ्हाड इ. स. १५९६ त मोगलांकडे गेलें व १८५३ त इंग्रजांच्या ताब्यांत आलें. या २५७ वर्षांत वंशावळ पांचच पिढ्या दाखवील, तर दर पिढीस ५१ वर्षें पडतात. तीस वर्षांची पिढी धरली तरी आठनऊ पुरुष हवेत. असली वंशावळ खोटीच असें नव्हे. पण तुटलेली खास.

डच मूळ असलेल्या घराण्यांचा शोध घेणारांसहि हाच घोटाळा नडतो. हॉलंडांत १८११ पर्यंत पुष्कळ कुटुंबांस कायमचें आडनांव नव्हतें. मुलगा पित्याच्या नांवानें ओळखला जाई व थोरल्या नातवास आजाचें नांव देत. म्हणून यान पीटरचा, पीटर यानचा, अशी माळ लागते. ती सोडविते चर्चची बाप्तिस्म्याची वही. कारण तींत तारीख, आई व साक्षीदार, बहुधा आप्तच, नमूद असतात. महादजी शिंद्यांच्या पदरचा जॉन विल्यम हेसिंग १८०३ त आग्र्यास वारला. तो युट्रेख्टचा, हें त्याच्या थडग्यावर कोरलें आहे. त्याच्या पूर्वजांचा माग तेथील वह्यांतच काढावयाचा.

वऱ्हाडांत असें साधन म्हणजे त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या व महजरांवरील साक्षी. पहिल्यांत यात्रेकरूचा स्वहस्ताचा लेख, भाऊबंद व कित्येकदां स्त्रियांचींहि नांवें मिळतात. शिवाय १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत येथें निजाम व भोसले यांचा दुअंमल होता. सबब एकाच घराण्याचे फारसी कागद हैदराबादेकडे व मोडी कागद नागपुराकडे असण्याचा संभव धरून दोन्ही शोधावे. कै. यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडच्या इतिहासां’तील (१९२४) राजवटींच्या क्रमाशीं पिढ्या ताडून पाहाव्या.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच: प्रत्येक नांवापुढें तें कोणत्या कागदांत व कोणत्या सालीं आलें हें लिहावें, आणि तुटलेली जागा अनुमानानें न भरतां रिकामी छापावी. आज तर्कानें घातलेला पूर्वज पुढच्या नकलेंत पुरावा होऊन बसतो. मग खऱ्या पूर्वजाचा कागद सांपडला तरी त्यास जागा उरत नाहीं.