‘रोधकता’ आणि ‘तेल’: विद्युत् सर्वेक्षणाच्या परिभाषेचा विचार

तेल व वायू यांच्या शोधार्थ होणाऱ्या विद्युत् सर्वेक्षणाकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वळावे, हे काहींस अस्थानी वाटेल. परंतु मोजलेली गोष्ट आणि तिला दिलेले नाव यांतील अंतर तपासणे हे आमच्या शास्त्राचे कामच होय. आणि येथे ते अंतर विसरल्यास एखादी विहीर व्यर्थ खणली जाऊ शकते.

जमिनीत दोन विद्युदग्रांतून प्रवाह सोडावयाचा व अन्य दोहोंमधील विभवांतर मोजावयाचे, ही मूळ पद्धती. तीतून निघणाऱ्या संख्येस ‘आभासी रोधकता’ म्हणतात. हे विशेषण शोभेचे नव्हे. जमीन सर्वत्र एकजिनसी असती तर तिची रोधकता किती भरली असती, एवढेच ती संख्या सांगते. थरांचे चित्र गणिताने उभे करावे लागते, आणि एकाच मापनमालिकेशी अनेक चित्रे जुळू शकतात. ‘आभासी’ हा शब्द वगळला की अनुमानास मापनाची प्रतिष्ठा लाभते.

१९२७ साली आल्सासमधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने तेलविहिरीत पहिली विद्युत् नोंद घेण्यात आली. तिला फ्रेंचमध्ये ‘कारोताज एलेक्त्रिक’, म्हणजे विजेने गाभा काढणे, असे नाव मिळाले. गाभा म्हणजे हाती आलेला खडक. येथे हाती आला तो कागदावरील आलेख. इंग्रजीतील ‘लॉग’ हा शब्द त्या मानाने विनम्र. तो केवळ नोंदीचा दावा करतो. मराठीत ‘नोंद’ हाच शब्द रूढ व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘अधिक रोधकता म्हणजे तेल’ हे समीकरणही तपासले पाहिजे. १९४२ साली आर्ची यांनी सच्छिद्रता, खडकातील पाण्याची रोधकता व संपृक्तता यांचा संबंध मांडला तो मृत्तिकारहित वालुकाश्मांपुरता. मृत्तिका स्वतःच वीजवाहक असल्याने तेलयुक्त थरही अल्परोधक दिसू शकतो. उलटपक्षी मीठ, बेसाल्ट, गोडे पाणी धारण करणारा वालुकाश्म, हे सारे तेलावाचून अधिक रोधक असतात. २००० साली अंगोलाच्या किनाऱ्यापलीकडे खोल समुद्रात नियंत्रित विद्युच्चुंबकीय स्रोताची पद्धती यशस्वी ठरली खरी. परंतु ती चाचणी ज्ञात तेलसाठ्यावर झाली होती. उत्तर ठाऊक असता प्रश्न सुटणे आणि अज्ञात प्रदेशात तो सुटणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

आपल्या दख्खनी बेसाल्टाचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. बेसाल्टाखाली भूकंपलहरींचे चित्र अस्पष्ट होते. म्हणून सौराष्ट्रात पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युच्चुंबकीय क्षेत्राचे मापन करून खालच्या मध्यजीव गाळखडकांचा वेध घेण्यात आला. तेथे आशेचे चिन्ह अधिक रोधकता नसून कमी रोधकता होय, कारण अधिक रोधक तो बेसाल्ट आणि कमी रोधक तो गाळखडक. म्हणजे एकच राशी एका ठिकाणी एक अर्थ देते, दुसऱ्या ठिकाणी नेमका उलटा. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे आम्हांस परिचित आहे. संख्येचाही तसाच ठरतो.

यावरून ही पद्धती निरुपयोगी ठरत नाही. भूकंपलहरींना खडकाची ठेवण दिसते, परंतु त्यातील द्रव कोणता हे बहुधा स्पष्ट होत नाही. तेथे विजेची साक्ष मोलाची आहे. मात्र साक्ष म्हणजे निर्णय नव्हे. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांत ‘मोजले’, ‘गृहीत धरले’ आणि ‘अनुमानिले’ ही तीन क्रियापदे काटेकोरपणे वेगळी वापरावीत, एवढीच सूचना येथे करावयाची आहे.